जड सळई

रजाकारांच्या आदल्या सालची गोष्ट. घनसावंगीच्या बाजारात गळके डबे, रॉकेलच्या चिमण्या कथलानं डाखून देणाऱ्या राधाकिसनचं उजवं अंग वाऱ्यानं गेलं आणि त्याची बायको कडूबाई धंद्याला बसली.

डाख द्यायच्या दोन सळया होत्या, एक हलकी, एक जड. तिनं हलकी उचलली. राधाकिसननं ते बघितलं, पण अडवलं नाही. निम्म्या सांध्यातच सळई निवली आणि भर बाजारात डबा गळला.

"हलकी जल्दी निवते. एवढंबी कळंना तुला?" तो गिऱ्हाइकांसमोर हसला.

पुढच्या बाजारी तिनं जड सळई घेतली. तिचं तांब्याचं टोक कानशीनं घासलं, तापवून नवसागरावर घोळलं, त्याला कथील चढवलं आणि सळई पुन्हा निखाऱ्यात ठेवली.

"तापली का, कसं बघू?"

"गालाजवळ धर."

तिनं धरली. राधाकिसननं डाव्या हातानं तिचं कोपर ढकललं. कातडी चर्रकन जळाली.

"आता बिलकुल इसरणार न्हाईस," तो म्हणाला.

कडूबाई रडली नाही. तिनं टोक पुसलं, पुन्हा तापवलं आणि डबा डाखला. थेंबही गळला नाही.

ऊन चढलं. राधाकिसनला एकट्याला उठता येत नव्हतं. घागर तिच्या मागं होती.

"पाणी दे," तो म्हणाला.

"हा डबा होऊ द्या."

तो डबा झाला. मग तिनं दुसरा घेतला. मग तिसरा.