आईचं ऑपरेशन आणि बिशपांची मनाई

उपासकाळातल्या एका रविवारी सेंत-युलालीच्या कॅथेड्रलमध्ये बिशपांचं फर्मान वाचलं गेलं. गावच्या वैद्यकीय शाळेने राजधानीतल्या कॅथलिक विद्यापीठात सामील व्हायला नकार दिला होता. तेव्हा तिथे जो शिकवील किंवा शिकेल, त्याला यापुढे पापनिवेदन नाही, ख्रिस्तप्रसाद नाही.

माझा नवरा ओनेझीम तिथे शस्त्रक्रिया शिकवायचा. त्याच्या गुरूंनी एका धान्याच्या कोठारात ही शाळा काढली होती, आणि नदीकाठच्या गावांतले बहुतेक डॉक्टर तिथूनच बाहेर पडलेले. फर्मान संपेपर्यंत तो ताठ बसून राहिला. माझी आई मात्र त्याच्यापासून जराशी सरकली. ते मी पाहिलं, आणि त्यानेही.

नदीवरचा बर्फ फुटायला लागला त्या आठवड्यात एके दिवशी सकाळपासून आईला उलट्या सुरू झाल्या. जांघेतली जुनी गाठ दगडासारखी झाली होती. ओनेझीमने ती हलक्या हाताने आत ढकलून पाहिली, पण आतडं पक्कं अडकलं होतं. आजच कापायला हवं होतं. दुसरा सर्जन नदीपलीकडे राजधानीत, आणि पाण्यात बर्फाचे तुकडे असे धडकत होते की ना घसरगाडी जाईल, ना होडी.

आईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"ज्याला प्रभूच्या मेजावर जागा नाही, त्याचा हात मला लागायला नको."

"आई, आतडं मरतंय," ओनेझीम म्हणाला. "संध्याकाळ झाली की मलाही काही करता येणार नाही."

"मग फादरना बोलाव. मरणाऱ्याला लावतात ते पवित्र तेल लावून घेते आणि जाते."

बाहेर येऊन तो जिन्यावर बसला. राजीनामा देतो म्हणाला. खोटं कशाला सांगू, फर्मानापासून मी मनात तेच मागत होते. पण त्याचा चेहरा बघून माझ्याने हो म्हणवेना. मी कोट चढवला आणि थेट बिशपांच्या घरी गेले.

आमचे बिशप, मोन्सेन्यर लाव्हर्ड्युर, मटाराचं सूप घेत होते. त्यांच्या चिटणिसाने मला अडवलं, तरी मी आत गेले. त्यांनी चमचा खाली न ठेवता सगळं ऐकून घेतलं.

"मी त्याला शिकवायला मनाई केली आहे, बरं करायला नाही."

"हे आईला तुम्हीच सांगा, मोन्सेन्यर. माझं ती ऐकणार नाही."

"त्याने आज शाळा सोडली तर प्रश्नच मिटतो, पोरी."

"आणि नाही सोडली तर तिला मरू द्यायचं?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. मग चिटणिसाकडे त्यांनी आपली काठी मागितली.

आईशी ते काय बोलले ते मला नीट ऐकू आलं नाही. तिने एकच अट घातली, की मोन्सेन्यरांनी खोलीतून हलायचं नाही. तेवढ्यात ओनेझीमचा विद्यार्थी नार्सिस क्लोरोफॉर्म घेऊन आला. भूल नेहमी तोच द्यायचा. बिशपांनी दारात काठी आडवी धरली.

"हा त्या शाळेतला ना? मग हा आत येणार नाही."

"भूल देऊन वर कापायचं, एवढं मला एकट्याला जमायचं नाही," ओनेझीम म्हणाला.

बाटली मी घेतली. तोंडावरच्या फडक्यावर थेंब थेंब टाक, श्वासाकडे लक्ष ठेव, असं तो मला सांगत गेला. पण सुरी खोल गेली तसा आपण कोणाशी बोलतोय हेच तो विसरला.

"हे बघा, ही पिशवी. उघडताना खाली बोट ठेवायचं, नाहीतर आतडंच कापाल. आता रंग बघा. काळपट आहे, पण चकाकी गेलेली नाही. गरम कापड ठेवायचं आणि थांबायचं. इथे घाई केली की माणूस हातचा जातो."

दाराबाहेर नार्सिस टाचा उंचावून उभा होता.

"डॉक्टर, तुम्ही शिकवताय," बिशप म्हणाले.

ओनेझीमने मान वर केली नाही. "हो. मला दुसऱ्या तऱ्हेने कापता येत नाही."

आम्ही थांबलो. आईचा श्वास फडक्याखाली घरघरत होता आणि माझा हात असा थरथरत होता की थेंब तिच्या गालावर पडले. बिशपांनी ते पाहिलं.

"त्या पोराला बाटली घेऊ द्या," ते म्हणाले. "ही बाई आता पडेल."

नार्सिस आत आला. मी भिंतीला टेकले. ओनेझीमने ते गरम कापड उचललं, तेव्हा आतड्यावर हळूहळू लाली चढत होती.

आई वाचली. मनाई मात्र उठली नाही. ईस्टरला ख्रिस्तप्रसाद मिळणार नव्हता, म्हणून ओनेझीम शाळेतल्या सोबत्यांबरोबर कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभा राहिला. मला मनाई नव्हती, तरी मी आत गेले नाही. थंडीत त्याच्या शेजारी उभी राहिले. पुढच्या वर्षी रोमहून पोपांचा निरोप आला, मनाई उठली आणि शाळा टिकली.

आई गावभर सांगायची, मोन्सेन्यर उशाशी होते म्हणून मी वाचले. ओनेझीम ऐकायचा आणि तिच्या टाक्यांची चौकशी करायचा.