शेवटून तिसरा ठोका

टक. ठक. टक. टक.

"पाणी हवंय का, मादाम?" इन्शिराहनं वाकून विचारलं.

पोलिक्सेनी मादामनी नुसतं पाहिलं. झटक्यानं वाचा गेलेली, उजवं अंग लुळं. डावा हात तेवढा उरला होता. तो पलंगाच्या लोखंडी कडेवर पुन्हा वाजला.

टक. ठक. टक. टक.

याच हातानं अलेक्झांड्रियातल्या निम्म्या नर्सेस घडवल्या, इन्शिराहही त्यांतलीच. वैद्यकीतले ग्रीक शब्द मादाम आधी वाजवायच्या. शब्दाच्या तुकड्यागणिक टिचकी, टक; जोराच्या तुकड्यावर मूठ, ठक. वर्गानं तसंच परत वाजवलं, की मगच पुढचा शब्द.

"शेवटून तिसऱ्यावर मारा गं! थोपटताय काय? निजवायचंय का त्याला?"

आता इन्शिराह कानाशी गेली. "पॅरालिसिस?" मग, "डायालिसिस?" तोही त्याच ठोक्यांत बसतो. नजर हलेना.

तिनं उशी बदलली. समुद्राकडचा पडदा सारला. पाद्रींना बोलावू का, विचारलं.

टक. ठक. टक. टक.

"अगं, सोड," आया उम्म हाशिम फरशी पुसता पुसता म्हणाली. "चाळा असतो तो. माझी सासू मरेस्तोवर मुलूखियाची भाजी निवडत होती, हातात एक पान नसताना."

"मादामचा हात उगाच चालत नाही, मावशी."

"मग विचार की हातालाच!"

दुपार कलली तसे ठोके विरळ झाले. ठक. बऱ्याच वेळानं टक. मग नाही.

मादामच्या माघारी त्यांचा वर्ग इन्शिराहकडे आला. पहिल्याच दिवशी तिनं टेबलावर वाजवलं: टक, ठक, टक, टक. सगळ्या बाकांवरून तेच परत आलं.

ती खडू धरून तशीच उभी राहिली.

मादाम काही मागत नव्हत्याच. वर्ग घेत होत्या. आणि वर्गात एकटीच असलेली विद्यार्थिनी पाणी, उशी, पाद्री करत राहिली.

"मादाम," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पुढचा शब्द?"

वर्ग सुटल्यावर इन्शिराह वॉर्डात गेली. त्या पलंगावर आता एक कोळीण होती. इन्शिराहनं लोखंडी कडेवर वाजवलं. टक. ठक. टक. टक.

"कुणाला बोलावतेस गं पोरी?"

"कुणाला नाही, खाला. उत्तर द्यायचं राहिलं होतं."

लोखंडाची थरथर थांबली, तरी तिनं हात उचलला नाही.