येन्यी पुटीची निवड

"सर, वाईट साइटी बघायच्या असल्या तर तुम्ही कुठून बघता?"

हा प्रश्न वर्गातल्या ओका आणि टोमाने पैज लावून विबकेच्या गळ्यात मारला होता. सर लाल होतील, वर्ग खिदळेल, एवढीच अपेक्षा. गेल्या वर्षापर्यंत विबके खिडकी उघडू का, हे विचारायलाही घाबरायची. पण न्यूझीलंडच्या शाळेत वर्षभरासाठी निवड झाल्याचं पत्र ईमेलने आलं, आणि तिची भीड चेपली ती चेपलीच.

संगणक शिकवणारे हार्म्स सर काही लाल झाले नाहीत. त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून एक पेनड्राइव्ह सोडवला.

"ह्याच्यावरून. ह्यात अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. कंप्युटर ह्याच्यावरूनच सुरू करायचा, आतल्या डिस्कच्या वाटेला जायचं नाही. बंद केला की झालं गेलं सगळं विसरतो."

"माझ्या आजोबांसारखा," टोमा पुटपुटली.

"फक्त आपलं खरं नाव तिथे लिहायचं नाही. ते लिहिलंत तर हा बिचारा काय करणार?"

प्रश्न विचारला म्हणून विबके पैज जिंकली. पण तास संपल्यावर तिने तो पेनड्राइव्ह मागून घेतला. न्यूझीलंडवाल्यांची साइट उघडली की बाबांच्या लॅपटॉपवर 'धोका' लिहिलेलं लाल पान यायचं. "हा अँटिव्हायरस स्वतःच्या सावलीवर भुंकतो," असं म्हणून बाबा ते पान बंद करायचे. आणि तिच्या पासपोर्टची प्रत आज संध्याकाळी त्याच साइटवर चढवायची होती.

घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू केला. साइट उघडली. लाल पान नाही, इथे भुंकायला कुणी नव्हतंच. तिने नवा अर्ज भरायला घेतला आणि खोटंच नाव ठोकलं, झेंझी पुट्झ. पडद्यावर उमटलं, 'येन्यी पुटी'. सरांच्या पेनड्राइव्हला जर्मन कीबोर्ड ठाऊक नव्हता. तो अमेरिकन पद्धतीने चालत होता, त्यामुळे झेड दाबलं की वाय यायचं. तिला हसू आलं. राहू दे म्हणाली. ईमेलच्या जागी काहीबाही खरडलं, गुणांच्या रकान्यात सगळीकडे सहा टाकले. म्हणजे जर्मन शाळेच्या हिशेबाने सगळ्या विषयांत नापास. निबंधाच्या जागी 'बटाटा' लिहिलं, एकदाच.

मिनिटभरात त्याच पानावर उत्तर आलं.

'प्रिय येन्यी पुटी, आपले उत्कृष्ट गुण आणि प्रगल्भ विचार पाहून समितीने एकमताने आपली निवड केली आहे. शेवटची जागा आपली आहे. पासपोर्टची प्रत आजच पाठवा.'

विबकेने मान वळवली. फ्रिजवर आईने छापून लावलेलं तिचं पत्र होतं. उत्कृष्ट गुण. प्रगल्भ विचार. एकमताने. नाव तेवढं वेगळं. त्या निबंधावर ती तीन आठवडे बसली होती.

तिने पेनड्राइव्ह उपसला. पडदा काळा झाला आणि लॅपटॉप सगळं विसरून गेला.

पाच वाजता आई-बाबा चहाला बसले. आईने फोनवर पासपोर्टचा फोटो काढून ठेवला होता. त्यांच्या गावात तीन कप झाल्याशिवाय चहावरून कुणी उठत नाही. पुरे झाला की चमचा कपात ठेवायचा, मग ओतणारा थांबतो. बाबांनी दुसऱ्यांदा किटली उचलली, तर विबकेच्या कपात चमचा.

"पहिल्याच कपाला?" बाबा म्हणाले. "बरं नाहीये का?"

"आमच्या पोरीला आत्तापासूनच परदेशी चहाची सवय करायची असेल," आई म्हणाली.

"आई, तो फोटो पाठवू नकोस. माझी निवड झालेलीच नाही. तिथे येन्यी पुटीचीही होते, बटाट्यावर. कशी ते दाखवते तुम्हाला. मी न्यूझीलंडला जात नाहीये, आणि सोमवारी वर्गात हे मीच सांगणार आहे, ओका-टोमाने विचारायच्या आधी."