माहेरचे क्रेट आणि माझं मागचं दार

मित्रांनो, मी एक जुनी कॅरॅव्हॅन आहे, म्हणजे चाकांवरचं छोटं घर. मला इंजिन नाही. जीप पुढे आणि मी तिच्या मागे. पण म्हणून मला कुणी कमी समजू नये. माझ्या पोटात दोन बाक आहेत, स्टोव्ह आहे, पाण्याची टाकी आहे आणि खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे आहेत.

१९९६ साली नाशिकच्या अंबडमध्ये माझा जन्म झाला. तिथे कारखान्यात फिटर असलेल्या गोरक्षने एका मासिकात कॅरॅव्हॅनचं चित्र पाहिलं आणि ते खूळ त्याच्या डोक्यातून जाईना. त्याचा वेल्डर मित्र निसार मदतीला आला. रविवारी दोघे माझ्यावर खपायचे. शेवटचा पत्रा बसला तेव्हा निसार म्हणाला, "गोरक्ष, इतक्या मेहनतीत बंगला झाला असता यार!" मला मात्र बंगला व्हायचंच नव्हतं. बंगल्याला कुठे फिरायला मिळतं?

कॉलनीत माझं स्वागत काही फार मानाचं झालं नाही. "पाणीपुरी कधीपासून सुरू?" असं जो तो विचारी. मी मनातून चिडायचे. पण हरसूलच्या डोंगरात पहिला मुक्काम पडला आणि गोरक्षची बायको छाया माझ्या दारात चहा घेत म्हणाली, "अहो, आपल्याच घरात बसून डोंगर बघतोय आपण!" माझा सगळा राग पळाला.

पुढच्या उन्हाळ्यात नर्मदेकाठी महेश्वरला जायचं ठरलं. वाटेत पिंपळगाव बसवंत, छायाचं माहेर. तिथून लेक रिकाम्या हाताने कशी निघणार? तिचा थोरला भाऊ जीवन याने माझं मागचं दार उघडलं आणि हंगामातल्या शेवटच्या द्राक्षांचे क्रेट, कांद्याच्या गोण्या तिथेच रचल्या. मी मागे टेकले आणि जीपला जोडलेलं माझं तोंड वर उचललं गेलं. गोरक्षला ते दिसत होतं. पण सासरवाडीत जावयाने 'नको' कसं म्हणायचं? तो कसनुसा हसला आणि निघाला.

राहुड घाट उतरताना मी डोलू लागले. आधी थोडी, मग इतकी की मीच जीपला डावी-उजवीकडे खेचत होते. मला थांबायचं होतं, पण ते माझ्या हातात नव्हतं. मी फार घाबरले. जीपमध्ये त्यांची छोटी लेक रूपाली किंचाळत होती. गोरक्षने जोरात ब्रेक न मारता हळूहळू वेग कमी केला आणि कडेला थांबला.

"मला आणि पोरीला एसटीत बसवून द्या," छाया जीपमधून उतरत म्हणाली. "आणि हा डबा विकून टाका."

"मागे जड होतंय हे दिसत होतं गं मला," गोरक्ष खाली मान घालून म्हणाला. "पण तुझ्या भावाला नाही कसं म्हणू?"

आम्ही अर्ध्या वाटेतूनच परतलो आणि पुढे वर्षभर मी 'विकणे आहे' अशी पाटी लावून धूळ खात उभी होते. शेवटी एक वडापाववाला मला पसंत करून गेला. कढई कुठे ठेवायची हेसुद्धा त्याने ठरवलं. पडदे तेवढे काढून घ्यायला छाया आत आली. एक पडदा काढून ती बाकावर बसली आणि हरसूलला चहा घेतला होता त्या दाराकडे बघत राहिली. मग तिने तो परत लावला.

"एकदा जाऊ महेश्वरला," ती गोरक्षला म्हणाली. "पण माहेरी मी बोलणार."

पिंपळगावला जीवन पुन्हा क्रेट घेऊन आला. छाया माझ्या मागच्या दारात आडवी उभी राहिली.

"दादा, दोनच दे. तेही मधी, चाकांवर ठेव. बाकीचे राहू दे."

जीवनचा चेहरा पडला. "छाये, माहेरचं लय जड झालं का गं?"

"नाय रे दादा. त्या जीपमधी माझी पोर बसती."

जीवनने उचललेला क्रेट खाली ठेवला. मग दोन क्रेट स्वतः आत नेऊन बरोबर चाकांवर ठेवले आणि माझं तोंड वर उचलून पाहिलं. ते जागचं हललं नाही.

त्यानंतर मी पुष्कळ गावं पाहिली. आता माझा पत्रा गंजलाय, पण तक्रार नाही. मित्रांनो, निघण्याआधी मागे येणाऱ्यावर किती लादलंय ते वाकून बघत जा. आणि जड होत असेल, तर माणूस कितीही जवळचं असो, तोंडाने सांगा.

दोनच क्रेट घेऊन निघालो त्या दिवशी राहुड घाट उतरताना पुढच्या खिडकीतून मला जीपमधली छाया दिसत होती. ती गाढ झोपली होती.