पाणी तापेपर्यंत

"दाजी, नुसतं हो म्हणा. पुढचं सगळं मी बघतो," पोल म्हणाला.

हानुस बशीतला कप उगाच फिरवत बसला होता. टेबलावर वाऱ्यावर सुकवलेल्या मटणाच्या चकत्या तशाच पडून होत्या. बायको मार्यून गेल्यापासून या घरात पाहुण्यापुढे खाणं ठेवलं जायचं, खायचं मात्र कुणी नाही. पोल हा मार्यूनचा धाकटा भाऊ, आणि गावातल्या विश्वासी मंडळीचा, म्हणजे चर्चपासून वेगळ्या होऊन मोठेपणी पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाचा, पुढारी. बाप्तिस्मा द्यायचा तर त्यानंच.

"कशाला हो म्हणू?"

"येशू तुमचा तारणारा आहे, असा तुमचा विश्वास आहे का? एवढंच विचारतोय."

"पहाटे वाटतं रे, आहे. दुपारी वाटत नाही." हानुसनं कप खाली ठेवला. "तुझ्या बहिणीची इच्छा होती, म्हणून मला पाण्यात उतरायचंय. एवढं कारण पुरत नाही का तुला?"

"नाही पुरत. पाणी तारत नाही दाजी, विश्वास तारतो. पाणी नुसती साक्ष."

"नुसती साक्ष आहे ना? मग देऊन टाक की. एवढा भाव कशाला खातोस?"

"जे आत नाही, त्याची साक्ष कशी देऊ?" पोलचा आवाज चिरकला. "हात जोडतो तुम्हाला. एकदा हो म्हणा."

खोटं बोलणं हानुसला काही जड नव्हतं. पकडलेल्या माशाच्या लांबीपासून ढोसलेल्या दारूपर्यंत तो आयुष्यभर बिनदिक्कत खोटं बोलत आला होता. पण मार्यूनला त्याचं खोटं दर वेळी कळायचं, आणि हा सगळा खटाटोप तर तिच्यासाठीच होता. त्यानं नकारार्थी मान हलवली. पोल डोळे पुसत उठला आणि टोपी विसरून गेला.

हानुसनं जन्मभर धक्क्यावरचं विंच, होडकी ओढायचं दोराचं यंत्र, चालवलं होतं. फेरो बेटांवरच्या या गावातली झाडून सगळी होडकी त्यानं उतारावरून समुद्रात सोडलेली आणि हिवाळ्याआधी वर ओढून घेतलेली. त्याच उतारावर, ऐन चाळिशीत, मार्यून पांढरा झगा घालून पाण्यात शिरली होती. पोलनं तिच्या मानेखाली हात दिला, तिला पाण्याखाली नेलं आणि वर काढलं. हानुस विंचच्या खोपटातून बघत होता. ती कुडकुडत, दात वाजवत त्याच्यापाशी आली आणि म्हणाली, "आता तुझी पाळी."

"पाणी तापू दे की गं," तो म्हणाला. ती पोट धरधरून हसली. इथलं पाणी कधी तापत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मग दर उन्हाळ्याला ती विचारायची आणि तो तेच उत्तर द्यायचा. पुढे पुढे तिचं हसणं थांबलं, उत्तर मात्र तेच राहिलं. शेवटच्या दुखण्यात तिनं त्याचं बोट घट्ट धरलं. "मी तिकडे वाट बघत बसायची आणि तू यायचाच नाहीस, असं तर नाही ना व्हायचं?"

"या उन्हाळ्यात नक्की," तो म्हणाला. ती वसंतातच गेली.

पोल हटत नाही म्हटल्यावर त्यानं रविवारी टेकडीवरच्या चर्चमध्ये पाद्र्याला गाठलं. आब्सालोन पाद्री तरुण, स्वभावानं गरीब, चार गावांची चर्चं एकटा सांभाळायचा.

"हानुसकाका, तुमचा बाप्तिस्मा झालाय. तान्हे होतात तेव्हाच, याच कुंडातल्या पाण्यानं."

"मला कुठं आठवतंय?"

"देवाला आठवतंय ना. त्यानं एकदा केलं ते पक्कं. परत मागायचं म्हणजे पहिल्या खेपेला त्याचं चुकलं, असं म्हणायचं."

"माझ्या बायकोनं तर परत घेतला. चुकलीच म्हणायची मग."

पाद्र्यानं म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही आधीच आत आहात, काका. दार कशाला ठोठावताय?"

हानुस टेकडी उतरायला लागला. एक म्हणतो आत आहात, एक म्हणतो अजून बाहेर आहात. आणि दोघेही इतक्या मायेनं बोलतात, की भांडायचीही सोय नाही. त्याला मनापासून वाटलं, कुणीतरी सणसणीत शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

तो घरी गेलाच नाही. खोपट ओलांडून उतारावर आला आणि कपड्यांनिशी पाण्यात शिरला. उन्हाळा सरत आला होता. गारठ्यानं पोटऱ्या बधिर झाल्या, मग कंबर. छातीपर्यंत पाणी आलं तसा तो थांबला.

आता कुणीतरी मानेखाली हात द्यायला हवा होता. मार्यून पाण्याखाली गेली होती ती पोलच्या हातावर मान टाकून, मागे न बघता. स्वतःच बुडी मारली तर ती नुसती आंघोळ, एवढं त्यालाही कळत होतं. तरी तो उभा राहिला. वर धक्क्यावरून कुणी हाक मारेल असं त्याला वाटत होतं. कुणी मारली नाही. समुद्र मात्र होता तितकाच थंड होता.

त्यानं घराचं दार उघडलं तेव्हा मुलगी स्वयंपाकघरात होती. सोल्रून त्याची एकुलती एक, आईच्या माघारी त्याच्यासाठीच गावात येऊन राहिलेली. त्याच्या अंगावरून पाणी निथळत होतं.

"बाबा, अहो काय झालं?"

"पाय घसरला. उतारावर शेवाळ फार झालंय."

तिनं त्याला खुर्चीत बसवलं, बूट काढले, टॉवेल आणला. आई करायची तसं तिनंही आधी डोकंच पुसायला घेतलं, आणि तिचा हात थांबला. सदरा, पँट, मोजे, सगळं चिंब होतं. केस कोरडे होते.

तिनं बापाकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

तिनं टॉवेल नीट धरला आणि ते कोरडं डोकं बराच वेळ पुसत राहिली.