ऐनवेळचा विषय

आपल्याकडे मोठे दरोडे भरदिवसा, मांडवाखाली आणि हारतुऱ्यांसकट पडतात. श्रीगोंद्याकडच्या धनेश्वरी सहकारी साखर कारखान्यावरचा वार्षिक सभेत पडायचा होता, सकाळी साडेअकराला.

बेत सोपा होता. कारखाना मातीमोल भावात मुंबईच्या एका कंपनीला विकायचा. कंपनी कुणाची? चेअरमन आप्पासाहेबांच्या जावयाची. खरेदीला कर्ज कुणाचं? आप्पासाहेबांच्याच बँकेचं. वर मंत्रालयातल्या एका बड्या साहेबाचा आशीर्वाद. मूल्यांकनाच्या कागदावर सही मात्र कारखान्याचे सचिव महमूदभाई यांची. सांगतील तिथं सही करण्यात या भल्या माणसाची अठ्ठावीस वर्षं गेली होती. उद्या भानगड फुटली तर जावई दुबईत, आप्पासाहेब आयसीयूत आणि जेलात एकटे महमूदभाई! हे ध्यानात आल्यापासून त्यांना घास गिळवेना.

"भाई, विक्रीचा ठराव ऐनवेळच्या विषयांत घ्या," आप्पासाहेबांनी बजावलं. "झटक्यात वाचा. मंजूर म्हनायला मानसं बसवली हायेत."

पुढच्या चार रांगांत साठ गडी, मिसळीची सोय चोख. काम एकच. महमूदभाईंचं वाचन थांबलं की 'मंजूर, मंजूर' असा गलका करायचा. ऐकायचं काम त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

महमूदभाईंनी नेमकं हेच हेरलं आणि विक्रीचा कागद बाजूला सारून स्वतःचा ठराव लिहून काढला.

"नोकरी जाईल की," त्यांची बायको हमिदा म्हणाली.

"जाऊ दे. जेलाच्या बाहेर तर ऱ्हाईन."

सभेत अकरा विषय नऊ मिनिटांत उरकले. आप्पासाहेब व्यासपीठावरच फोनवर मंत्रालयाशी गोड बोलत होते. महमूदभाईंचा आवाज खणखणीत लागला. "ऐनवेळचा विषय. कारखान्याच्या विक्रीचा प्रस्ताव रद्द करणे, आणि मूल्यांकन व चेअरमनसाहेबांच्या जावयाचे कर्ज यांच्या चौकशीसाठी समिती नेमणे..." शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात वाचून ते थांबले.

"मंजूर! मंजूर!" साठ गडी गरजले. फोन कानाला लावलेल्या आप्पासाहेबांनीही सवयीनं हात वर केला. मागं बसलेल्या ऊस उत्पादक सभासद रतनबाईंनी मात्र नीट ऐकलं होतं. त्या उठून टाळ्या पिटू लागल्या. यूट्यूबवाल्यांनी सगळं थेट दाखवलं. आता ठराव फिरवायचा तर साऱ्या जिल्ह्यादेखत. महमूदभाईंना कितीतरी दिवसांनी सडकून भूक लागली.

तासाभरानं आप्पासाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता.

"भाई, ठराव लई झ्याक लिवलाय. शेवटची ओळ वाचा की जरा."

महमूदभाईंनी वाचली आणि मटकन खाली बसले. अठ्ठावीस वर्षांत त्यांचा एकही ठराव ज्या ओळीशिवाय संपला नव्हता, ती हाताच्या सवयीनं इथंही उतरली होती आणि सभेत तोंडाच्या सवयीनं वाचलीही गेली होती: 'पुढील कार्यवाहीचे सर्व अधिकार मा. चेअरमनसाहेबांना देण्यात येत आहेत.'

"मंग नेमली म्या समिती," आप्पासाहेब म्हणाले. "अध्यक्ष मी, सदस्य जावईबापू. मूल्यांकनावर सही कुनाची हाय, तिथनं सुरवात करू. बसलाच हाय तर बसा, भाई. पयली साक्ष तुमचीच."