चढली नव्हती

वडप्याचे रामनाथशेठ साखरेच्या तपासणीला फसवण्यात पटाईत! रक्त द्यायच्या दोन दिवस आधी भात बंद, चहा बिनसाखरेचा, सकाळ-संध्याकाळ कारल्याचा रस. रिपोर्ट बरा आला की बायकोपुढे नाचवायचे, "बघ ठकू, कुठं हाय साखर?" आणि त्याच संध्याकाळी पाव किलो जिलेबी.

पुतणी क्षितिजा नर्स होती. तिने हात जोडले.

"काका, तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी करा. ही साखर नसा आतून खराब करते. एक दिवस मेंदूचं रक्तच अडेल. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, जीभ अडखळली, तर एक मिनिट थांबायचं न्हाय!"

"आली मोठी साखरबाई!" शेठ हसले. पण तिच्या हट्टापायी एक शब्द दिला: देवेशच्या, म्हणजे लेकाच्या, हळदीला दारूला शिवणार नाही.

नाहीच शिवले! हळदीच्या दिवशी सकाळी अकराला मांडवात त्यांच्या हातातून ताट निसटलं. उचलायला वाकले, तर उजवा हात हलेना. पाणी मागायला गेले, तोंडातून नुसतं "बा... बा" आलं.

"शेठना सकाळीच चढली!" मांडव खदाखदा हसला. पुतण्या भावेशने मोबाईलवर व्हिडिओ काढला.

"पप्पा, आज तरी लाज ठेवायची!" देवेश ओरडला. दोघांनी उचलून त्यांना आतल्या खोलीत टाकलं. ठकुबाईंनी दार ओढून घेतलं.

मी प्यायलो न्हाय रे! रामनाथ आतल्या आत ओरडत होते. बाहेर बेंजो वाजत होता, मटण वाढलं जात होतं. लाळ गळून उशी भिजली. कुणी डोकावलं नाही.

ड्युटी संपवून क्षितिजा सव्वाचारला आली. तिने काकांचं वाकडं तोंड पाहिलं, वास घेतला आणि किंचाळली, "काकी, हे प्यायलेच न्हाईत!"

कशेळीपर्यंतचं ट्रॅफिक तुडवून हॉस्पिटल गाठलं, तेव्हा सहा वाजले होते. "गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं," डॉक्टर म्हणाले. "उशीर झाला."

सहा महिन्यांनी तपासणीची पाळी देवेशची होती. दोन दिवस आधीच तो ओट्याशी उभा राहून कारल्याचा रस गाळत होता. शेजारी खुर्चीत बसलेल्या रामनाथांनी ते पाहिलं. डाव्या हाताने ओट्यावरचा रसाचा ग्लास उचलला आणि भिंतीवर भिरकावला.

"बा... बा!" डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

देवेशने गाळणी खाली ठेवली. "समजलं, पप्पा. जसा हाय तसाच जाईन."

मंडळी, रिपोर्ट फसतो, रक्त फसत नाही! आणि कुणाची जीभ अडखळली तर हसू नका, आधी गाडी काढा.